मुकादमांच्या ट्रकचं सील

रंजना गाडीखाली होती. बाहेर तिचे पाय दिसत होते आणि साडीवर चढवलेल्या माझ्या जुन्या खाकी शर्टाचा घोळ. गाडीच्या दुसऱ्या अंगाला तात्या पोत्यावर बसले होते, मान एका बाजूला कलती करून, पान्याचा आवाज ऐकत. काचबिंदूनं त्यांचे दोन्ही डोळे नेले होते. उजेड-अंधार तेवढा कळायचा.

“किती आटे फिरला?” त्यांनी विचारलं.

“साडेनऊ.”

“खूण केलीस नटाला?”

“सोडवायच्या आधीच केली, तात्या.”

तात्या हसले. माझ्याशी बोलताना ते असे हसल्याचं मला आठवत नाही. मी दोन पावलांवर, पान्याला लावायचा लांब पाइप धरून उभा होतो. कुणी मागितला तर द्यायला.

ही शहाण्णव सालच्या मार्चमधली गोष्ट. कराडला पाटण रस्त्यावर आमचं गॅरेज होतं. तात्या म्हणजे माझे वडील, गणपत डुबल. पन्नास वर्षं त्यांनी ट्रक उघडले आणि जोडले. इंजिन नुसतं ऐकून कुठला वॉल्व सैल आहे ते सांगणारा माणूस, असं त्यांच्याबद्दल चिपळूणपर्यंत बोललं जायचं. मी त्यांचा एकुलता एक. आयटीआयचा दोन वर्षांचा कोर्स करून आलो, सर्टिफिकेट फ्रेम करून गॅरेजात लावलं. तात्यांनी ते कधी वाचून घेतलं नाही. मी काम केलं की ते येऊन हात फिरवायचे आणि काही न बोलता नट पुन्हा आवळायचे. लोकांना सांगायचे, “पोरगा गुणाचा हाय, पण हाताचा कच्चा.”

रंजना माझी बायको. तिच्या वडिलांची तासगावकडं पिठाची गिरणी होती आणि लग्नाआधी तीच तिथलं ऑइल इंजिन चालवायची, बिघडलं तर उघडायची. लग्नानंतर सात वर्षं तिनं स्वयंपाकघर सांभाळलं. मग एकदा मी सुटे भाग आणायला साताऱ्याला गेलो असताना एक जीप आली. तात्यांची नजर तेव्हा नुकतीच जायला लागली होती. त्यांनी तिला बॅटरी धरायला बोलावलं. मी संध्याकाळी परत आलो तोवर जीपची क्लचप्लेट बसवून झाली होती आणि रंजना परातीत रॉकेल घेऊन हात धूत होती.

तेव्हा मी हसलो. चार लोकांना कौतुकानं सांगितलंही. पण पुढं गिऱ्हाइकं यायची ती विचारायची, वहिनी आहेत का. तात्या जेवताना तिच्याशी बेअरिंगबद्दल बोलायचे. कुठला आवाज कोरड्या बेअरिंगचा, कुठला फुटलेल्याचा. लहानपणी हे मी त्यांना विचारलं होतं तेव्हा ते म्हणाले होते, कान असला की कळतं. तिला मात्र ते ताटावर बोट वाजवून दाखवत होते. मी भाकरी मोडत बसायचो. दिवसातून किती वेळा ते तिचं नाव घेतात हे मी मोजायला लागलो होतो, आणि आपण हे मोजतोय याची लाज वाटूनही मोजणं थांबत नव्हतं.

तो ट्रक चिपळूणच्या मुकादमांचा होता. थोरले मुकादम, अब्दुलकरीम, यांनी तो महायुद्ध संपल्यावर लष्कराच्या डिस्पोजलच्या लिलावात घेतला होता. लांब नाकाचा, पुढं दोन गोल डोळ्यांसारखे दिवे, लाकडी हौदा. घाटातून भात आणि इमारती लाकूड वाहून त्यानं मुकादमांचं घर उभं केलं, आणि त्या दिवसांत त्याचं इंजिन बघणारे तरुण मेकॅनिक म्हणजे तात्या. आता थोरले मुकादम नव्वदीला आले होते. ट्रक पाटणच्या त्यांच्या बंद वखारीत सात वर्षं पडून होता. त्यांचा मुलगा रफीकभाई एक दिवस आले आणि म्हणाले, अब्बांना त्यात एकदा बसवायचंय, ते आहेत तोवर. आम्ही टोचन लावून ट्रक कराडला आणला.

दोन महिने काम चाललं. इंजिन, ब्रेकचे नवे लायनर, वायरिंग, सगळं तात्या आणि रंजनानं केलं. माझ्याकडं आलं ते सुटे भाग शोधून आणायचं आणि धुवायचं काम. शेवटी एक गोष्ट राहिली. इंजिनाकडून येणारा दांडा मागच्या चाकांच्या मधल्या लोखंडी गोळ्यात, म्हणजे डिफरन्शियलमध्ये शिरतो. तिथं आतलं तेल बाहेर येऊ नये म्हणून बांगडीएवढं एक सील असतं. जुनं चामड्याचं होतं, वाळून फाटलं होतं आणि तिथून तेल गळत होतं. हे मी करतो, असं मी तात्यांना म्हणालो. जवळजवळ मागूनच घेतलं. ते बरं म्हणाले.

मी नवं रबरी सील बसवलं, ट्रक कृष्णेच्या पुलापर्यंत फिरवून आणला. दुसऱ्या दिवशी सकाळी गोळ्याखाली फरशीवर तळहाताएवढा डाग. तात्यांनी त्याला बोट लावलं, वास घेतला. रागावले नाहीत. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. ते रंजनाला म्हणाले, “उद्या तू बघ.”

म्हणून ती गाडीखाली होती आणि मी पाइप धरून उभा होतो.

तिनं पुढचा पोलादी तुकडा, फ्लँज, ओढून काढला. ज्या गुळगुळीत भागावर सीलची कड टेकते तिथं तिनं नख फिरवलं आणि म्हणाली की इथं चर पडलाय. फ्लँज तात्यांच्या हातात दिला. त्यांनी अंगठा फिरवला आणि मान हलवली. जुन्या सीलनं चाळीस-पन्नास वर्षं घासून तो चर पाडला होता. मी सील नेमकं त्या चरावरच बसवलं होतं.

“फ्लँज नवा मिळायचा नाही,” रंजना म्हणाली. “पण सील केसभर बाहेर ठेवून बसवलं तर त्याची कड चराच्या अलीकडं येईल. तिथं पोलाद कोरं आहे.”

तात्यांनी अंगठा पुन्हा त्या चरावर नेला. मग त्यांनी विचारलं, “हे मी तुला सांगितलं व्हतं?”

“नाही. असंच वाटलं.”

“मला हे कळायला वीस वर्षं लागली.” त्यांनी हात पुढं केला, चाचपत तिच्या डोक्यावर ठेवला. त्यांच्या बोटांचं काळं तेल तिच्या भांगात लागलं. “माझा हात तुझ्यात उतरला, पोरी. मला वाटत व्हतं तो माझ्याबरोबरच जाणार.”

मी तिथंच होतो. तात्यांना मी दिसत नव्हतो, पण मी आहे हे त्यांना ठाऊक होतं.

रंजनानं सील तेलात बुडवून ठेवलं. मग सहज मला म्हणाली, “अहो, वरचा ब्रीदर तेवढा बघता का? तुमच्या बाजूनं हात पोचेल.”

ब्रीदर म्हणजे गोळ्याच्या वर बसवलेली, करंगळीच्या पेराएवढी पितळी टोपी. तिला एक बारीक भोक असतं. गाडी चालली की आतलं तेल तापतं, हवा फुगते, ती त्या भोकातून निघून जाते. मी पाइप खाली ठेवला, चाकामागून हात घातला. टोपीवर बोट फिरवलं तर भोक लागेना. माती लागली, कडक, सिमेंटसारखी. वखारीत सात वर्षांत कुंभारमाशीनं तिथं घर केलं होतं.

मला एका क्षणात सगळं कळलं. आत दाब धरत होता. माझं सील चरावर बसलं होतं हे खरं, पण नीट बसलं असतं तरी या दाबानं ते गळलंच असतं. आणि हिचंही गळेल. ती कितीही केसभर बाहेर बसवू दे. उद्या-परवा फरशीवर तसाच डाग पडेल, तात्या बोट लावतील, वास घेतील. मग मी गाडीखाली जाईन, ती मातीची गोळी काढून त्यांच्या तळहातावर ठेवीन आणि म्हणेन, तात्या, दोष सीलचा नव्हताच. एवढंच माझ्या मनात होतं. त्यापलीकडं काही नव्हतं. ते मी तेव्हाही स्वतःला सांगत होतो आणि अजूनही सांगतो.

“साफ आहे,” मी म्हणालो.

तिनं सील बसवलं. सारख्या सारख्या ठोक्यांनी, सगळ्या बाजूंनी थोडं थोडं करत. नट बरोबर खुणेवर आणला. मी ट्रक पुन्हा पुलापर्यंत नेऊन आणला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे उठून, चूळ भरायच्या आधी गॅरेजात गेलो. फरशी कोरडी होती. तिसऱ्या दिवशीही कोरडी. तात्या फरशीवर तळहात फिरवत हसत होते. मी मनात म्हणालो, लांबचा पल्ला होऊ दे. चढ लागू दे.

गुरुवारी सकाळी आम्ही तिघं चिपळूणला निघालो. मी गाडी चालवत होतो, मध्ये गिअरच्या दांड्याजवळ तात्या, डावीकडं दाराशी रंजना. तिनं ठेवणीतलं निळं पातळ नेसलं होतं. तात्यांनी धुतलेला फेटा बांधला होता. पाटणपर्यंत ते बोलत होते, या ट्रकातून त्यांनी थोरल्या मुकादमांबरोबर कुठं कुठं रात्री काढल्या त्याबद्दल. रंजना विचारत होती आणि ते सांगत होते. ट्रक छान चालला होता. मला रस्ता दिसत होता, पण माझं सगळं चित्त मागच्या गोळ्याकडं होतं.

कोयनानगरला चहाला थांबलो. मी टायर बघायचं निमित्त करून खाली वाकलो. गोळा कोरडा ठणठणीत. सीलच्या तोंडाशी धूळ बसली होती, तेलाचा थेंब नाही. साठ किलोमीटर, तेही चढाचे. मी चहा अर्धा टाकून दिला. रंजनानं विचारलं, सगळं ठीक ना. मी म्हणालो, ठीक आहे. मला तिचं सील गळायला हवं होतं आणि ते गळत नव्हतं, एवढाच मला राग आला होता. तो दाब मग कुठं जात असेल, हा प्रश्न आयटीआयच्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही पडला असता. मला पडला नाही.

कुंभार्ली घाटाचा उतार सुरू झाला. तिसऱ्या वळणावर मी ब्रेक दाबला आणि पायाखालचं पेडल नेहमीसारखं घट्ट लागलं, पण गाडी आवरेना. पुढच्या वळणावर जास्तच जोर लावावा लागला.

तात्या बोलता बोलता थांबले. त्यांनी नाक वर केलं.

“तेल जळतंय,” ते म्हणाले. “मुरली, ब्रेक धरत नाहीत का?”

“कमी धरतायत.”

“लायनरवर तेल आलंय. दुसऱ्यात घाल. आत्ता घाल.”

मी क्लच दाबून दांडा ओढला. जुनी गिअरपेटी, वेगात असताना ती सरळ घेत नाही. खरखर झाली, दांडा मधेच लोंबकळला आणि गाडी मोकळी सुटली. इंजिनाचा आवाज खाली बसला आणि चाकांचा वाढला. तात्यांनी काही न म्हणता माझ्या हातावर हात ठेवला. दांड्यासकट माझी मूठ त्यांच्या मुठीत.

“क्लच सोड. रेस दे. आणखी. आता दाब.” आणि त्यांनी माझा हात ढकलला. दुसरा गिअर पडला. इंजिन किंचाळलं, गाडी थोडी आवरली. पण पुढचे ब्रेकही तापून सुटत चालले होते आणि खालून, दोन वळणं पलीकडं, एक भरलेला ट्रक चढत होता.

“डोंगर कुठल्या अंगाला?” तात्यांनी विचारलं.

“डावीकडं.”

“गाडी डोंगराला घास.”

“डावीकडं रंजना आहे,” मी म्हणालो.

ती तेवढ्यात दारापासून सरकून तात्यांच्या अंगावर आली होती, पदर तोंडाशी धरून. “घासा,” ती म्हणाली.

मी स्टिअरिंग कापलं. लाकडी हौद्याच्या फळ्या एकामागून एक मोडत गेल्याचा आवाज आला, दार आत वाकलं, काच फुटून तिच्या पाठीवर आली. मग डावं चाक चरीत उतरलं आणि गाडी डोंगराला टेकून उभी राहिली. खालचा ट्रक हॉर्न देत जवळून निघून गेला.

रंजनाच्या दंडाला खरचटलं होतं. तात्यांचा फेटा सुटला होता. मी स्टिअरिंग धरून बसूनच राहिलो. तिनं खाली उतरून आधी मागच्या चाकांना दगड लावले.

मागचं चाक उतरवायला तासभर लागला. ब्रेकचा ड्रम काढला तर आतून तेल ओघळलं. लायनर तेलानं माखून काळे झाले होते. दुसऱ्या बाजूचंही तेच. तात्या रस्त्याच्या कडेला मांडी घालून बसले होते. दोन्ही चाकांत एकदम तेल, हे ऐकल्यावर ते उठले. स्वतः गाडीखाली गेले, चाचपडत, पोटावर सरकत. बाहेर आले तेव्हा त्यांच्या नखात माती होती.

“पुढचं सील चांगलं बसलं, म्हणून आतल्या दाबानं तेल दोन्ही टोकांनी चाकांत गेलं,” ते म्हणाले. “ब्रीदर बुजलाय. ह्यो कुणी बघितला व्हता?”

रंजनानं माझ्याकडं पाहिलं. ते पाहणं मी कधी विसरलो नाही. त्यात राग नव्हता. ती वाट बघत होती. दरीतून वारा येत होता, तात्यांचा सुटलेला फेटा खांद्यावर हलत होता. मला बोलायचं होतं. माझ्या तोंडाला इतकी कोरड पडली होती की जीभ टाळ्याला चिकटली, असं मी पुढं कित्येक दिवस स्वतःला सांगितलं.

“माझ्याकडून राहिला, तात्या,” ती म्हणाली.

तात्यांनी नखातली माती अंगठ्यानं काढली. “आज तिघं मेलो असतो.”

“हो.”

“परत गाडीखाली जाऊ नको तू.”

ती हो म्हणाली. पातळाच्या ओच्यात काचेचे तुकडे अडकले होते ते वेचायला लागली. आणि मी, ज्याच्यामुळं हे सगळं झालं तो मी, तिच्याकडं बघत होतो, आणि माझ्या मनात उपकाराचं काही आलं नाही, लाजही नंतर आली. पहिल्यांदा आला तो पुन्हा हेवाच. हेही हिलाच जमलं, असं वाटलं. इथंही हीच मोठी.

तार घालून ब्रीदर मोकळा केला, पेट्रोलनं लायनर धुतले, वाळवले आणि तिन्हीसांजेच्या आत, पहिल्या गिअरमध्ये रांगत आम्ही चिपळुणात पोचलो. थोरले मुकादम अंगणात खुर्ची टाकून सकाळपासून बसले होते. ट्रकची डावी बाजू पार गेली होती, पण ते उजवीकडूनच आले. दोघांनी धरून त्यांना वर चढवलं. मी ट्रक गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन आणला. त्यांनी सबंध वेळ पुढच्या पत्र्यावर हात सपाट ठेवला होता, एखाद्या जनावराच्या पाठीवर ठेवावा तसा. उतरल्यावर त्यांनी तात्यांना विचारलं, गणपत, तुझी नजर गेली म्हणतात, मग हे केलं कुणी.

“मी आणि माझ्या पोरानं,” तात्या म्हणाले.

रंजना आत बायकांत होती. पण दार उघडं होतं.

परतताना आम्ही एसटीनं आलो. तात्यांना खिडकीशी झोप लागल्यावर मी तिला विचारलं, का केलंस.

“तुमचं नाव तिथं घेतलं असतं तर ते तुमच्याशी पुन्हा बोलले नसते,” ती म्हणाली. “माझ्याशी आठ-पंधरा दिवसांनी बोलतील. पण त्यांना तुम्ही सांगायचं. मी सांगणार नाही.”

मी सांगतो म्हणालो. मग तिनं आणखी एकच विचारलं, मला ब्रीदर बुजलेला आहे हे माहीत होतं की मी बघितलाच नव्हता. मी खरं काय ते सांगितलं. तिनं मान फिरवली. 

आठ दिवस गेले. ती सकाळी स्वयंपाक करायची, दुपारी गहू निवडायची. खाकी शर्ट धुऊन घडी करून माझ्या कपड्यांत ठेवला होता. तात्या गॅरेजात बसून राहायचे. मी एका रिक्षाचं इंजिन उघडलं होतं, त्यांनी ते काय आहे एवढंही विचारलं नाही. नवव्या दिवशी मी त्यांच्यापुढं जाऊन बसलो आणि सांगितलं. सगळं. तिनं मला ब्रीदर बघायला सांगितलं होतं, मी हात घातला होता, माती हाताला लागली होती आणि मी साफ आहे म्हणालो होतो. का म्हणालो तेही सांगितलं. तुम्ही तिच्या डोक्यावर हात ठेवलात म्हणून. हे सांगताना मला रडू आलं.

तात्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांचा हात पुढं आला, माझा खांदा शोधला, तिथून मानेवर आला.

“बायकोची चूक अंगावर घ्यायला आलास व्हय?”

“नाही तात्या, खरंच—”

“गप. मी तुला वळखत न्हाई? तू हाताचा कच्चा हाईस, पण असा न्हाईस. तीन माणसं गाडीत घेऊन असलं कोण करंल?” त्यांच्या आंधळ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. “मी तुला आयुष्यभर कमी लेखलं, मुरली. हात काय, कुणाचाबी तयार हुतो. हे शिकवून येत न्हाई.”

त्यांनी माझं डोकं ओढून छातीशी धरलं. त्यांच्या सदऱ्याला तंबाखूचा आणि ऑइलचा वास येत होता. अडतीस वर्षांचा होतो मी. लहानपणीही त्यांनी मला असं धरल्याचं आठवत नव्हतं. मी एक-दोनदा तोंड उघडलं असेल. मग उघडलं नाही.

रंजनानं विचारलं, सांगितलंत का. मी म्हणालो, सांगितलं, पण त्यांचा विश्वास बसला नाही, त्यांना वाटतंय मी तुला वाचवतोय. ते मानेवर हात ठेवून पुढं काय बोलले ते मी तिला सांगितलं नाही.

“मग परत सांगा,” ती म्हणाली.

परत सांगायला मला चार वर्षं मिळाली. तात्या तेवढे जगले. दर सकाळी ते माझ्या शेजारी येऊन बसायचे, मला बेअरिंगचे आवाज समजावून सांगायचे, जेवताना ताटावर बोट वाजवून दाखवायचे. मी काही फार सुधारलो नाही, पण ते आता नट पुन्हा आवळत नसत. रंजनाशी ते नीट बोलायचे, सून म्हणून. गाडीखाली तिला त्यांनी पुन्हा बोलावलं नाही आणि ती आपणहून गेली नाही. गल्लीतल्या बायकांची शिलाई मशीन्स ती दुरुस्त करायला लागली. मसूर-उंब्रजहून लोक मशीन घेऊन यायचे. तात्या गेल्यावर मी तिला गॅरेजात ये म्हणालो. ती म्हणाली, माझं काम आहे आता.

तात्यांच्या शेवटच्या आजारात भेटायला पुष्कळ लोक यायचे. त्यांना तात्या घाटातली गोष्ट सांगायचे. पूर्वी ते गाड्यांच्या गोष्टी सांगायचे, आता ही एकच. सुनेकडून चूक झाली, जिवावर बेतलं, आणि माझा पोरगा माझ्यापुढं येऊन रडत म्हणतो, तात्या, तिचं काही नाही, सगळं माझं. असं ते सांगायचे, प्रत्येक वेळी त्यांचा आवाज भरून यायचा. रंजना तिथंच असायची, चहा घेऊन. सुरुवातीला ती माझ्याकडं बघायची. पुढं तेही सोडलं तिनं.

एकदा रफीकभाई आले होते. थोरले मुकादम जाऊन दोन वर्षं झाली होती. तात्यांनी त्यांनाही ती गोष्ट सांगितली, पडल्या पडल्या, मधे मधे दम घेत. रफीकभाईंनी सगळी ऐकली. ते मनाचे चांगले. त्यांनी माझ्याकडं फार आदरानं पाहिलं आणि मग तिच्याकडं वळून विचारलं, “खरं का हो, वहिनी?”

मी जमिनीकडं बघत होतो. तात्यांचा श्वास ऐकू येत होता.

“खरं,” रंजना म्हणाली. “ते तसेच आहेत.”

आणि तिनं रिकामे कप गोळा केले, माझ्या हातातलाही घेतला, आणि ती आत गेली.